बेहड्यातली बाळंतीण

फार वर्षांपूर्वी, घाट उतरायला पायवाटेवाचून दुसरी वाट नव्हती त्या काळी, सह्याद्रीच्या पायथ्याशी बेहडेवाडी नावाचं गाव होतं. गाव अजूनही आहे. तिथल्या कुठल्याही घरी ओटीवर बसून पाणी मागा, पाण्याबरोबर गूळ मिळेल आणि गुळाबरोबर धाकबाची गोष्ट.

पण गोष्ट सुरू होते तेव्हा त्याला कुणी धाकबा म्हणत नव्हतं. तो नुसता धाकू होता. उंच, काटकुळा, कमी बोलणारा. घरात ठासणीची बंदूक होती आणि पाऊस सरता सरता भातात डुकरं शिरली की गाव धाकूला हाक मारी. त्याचा बार कधी फुकट गेला नाही, असं म्हणतात. उडत्या गांधीलमाशीचा कुठला पंख पाडू, असं तो आधी विचारून घेई, असंही म्हणतात. पण हौसेनं मारणारा माणूस तो नव्हता. भात राखायचं म्हणून मारी, आणि घरी येऊन आंघोळ करी.

त्याची बायको सुंद्री. तिच्या बोलण्यानं घर भरलेलं असे. धाकू दिवसभरात जे बोलायचा राही, ते सुंद्री त्याच्या वाटचं बोलून टाकी. लग्नाला बरीच वर्षं झाली, तरी घरात पाळणा हलला नव्हता. मग एका माघ महिन्यात हलला. मुलगी झाली, गोरीपान आणि धडधाकट. पण बाळंतपणात सुंद्रीच्या पायांतला जीव गेला. ती उठेना. आतल्या अंधाऱ्या खोलीत बाजेवर पडून राहिली. पाय आपले नाहीतच, असं तिला वाटे. आणि हळूहळू ती बोलेनाशी झाली. घर असं शांत झालं की धाकूला आपल्याच पावलांचा आवाज ऐकू येऊ लागला.

धाकूची गोदूआते गावची सुईण होती. तिनं शेक दिला, धुरी दिली, खोबरेल जिरवलं. गुण येईना. तेव्हा ती धाकूला अंगणात घेऊन गेली आणि म्हणाली, "आता एकच उपाव हाय बग. ककणेराची चरबी. ती चोळली का मेल्या लाकडाला पालवी फुटते, आमची आय सांगायची."

ककणेर म्हणजे तो मोठा काळा-पांढरा पक्षी, ज्याच्या पिवळ्या चोचीवर आणखी एक चोच उपडी घातल्यासारखी दिसते. उडताना त्याच्या पंखांचा आवाज होतो तो असा, की कुणी आभाळात बसून भात पाखडतंय. गावाच्या वरच्या अंगाला देवाची राय होती, म्हणजे देवाच्या नावानं राखलेलं रान. तिथली काटकीही कुणी चुलीला आणत नसे. ककणेर तिथं राहत. रायीत शिकार करायची नाही, हे धाकूला ठाऊक होतं. पण रोज सकाळी एक ककणेर रायीतून निघे, धाकूच्या घरावरून उडे आणि पऱ्याकाठच्या, म्हणजे ओढ्याकाठच्या, उंबरावर येऊन बसे. उंबर काही रायीत नव्हता.

शिमगा तोंडावर आला होता. धाकू उंबराखाली जाऊन बसला. ककणेर आला. त्यानं भराभर उंबरं खुडली, मान वर करून गिळली, पुन्हा खुडली. निघायला पंख उघडले, तेव्हा धाकूनं बार काढला.

धाकूनं पक्षी घरी आणला. सुंद्रीच्या बाजेशेजारीच, झरोक्यातून उजेड येतो तिथं, गोदूआते विळी घेऊन बसली. मान चिरली आणि ती थांबली. पक्ष्याच्या गळ्यातून एक उंबर बाहेर पडलं. मग दुसरं. मग आणखी. पिकलेली, लाल, अख्खी उंबरं, चोचीचा ओरखडाही नसलेली, एकामागून एक घरंगळत सुंद्रीच्या बाजेखाली गेली.

कितीतरी दिवसांनी सुंद्री बोलली.

"खाल्ली असती तर पोटात गेली असती. ही घशात कशापायी ठेवली त्यानं?"

गोदूआतेनं एक उंबर उचलून उजेडात धरलं.

"कुनासाठी तरी नेत होता तो," सुंद्री म्हणाली. "मी रोज ऐकते ना हितं पडल्या पडल्या. सकाळी ह्या अंगानं जातो, परत येतो, रायीच्या कडंला जाऊन साद देतो. मग गप. मग परत जातो. ह्या दिसात त्यांची मादी ढोलीत बसते. आतून दार लिपून घेते. माझा बा सांगायचा. नुसती चोच भाईर येईल एवढी फट ठेवते, आनि नर आनून देईल ते खाते. पिसंसुदा झडतात तिची. भाईर आली तरी उडायची नाय."

तिनं धाकूकडं पाहिलं. "अवो, बाळंतीन हाय ती. तुमी तिचा दादला मारलात."

धाकू हातावरचं रक्त बघत उभा राहिला. गोदूआते म्हणाली, "आता मारला तो मारला गो. चरबी तरी लावून घे. तुझं पाय उभं राहू देत."

"ती ढोलीतून जिती भाईर येईस्तवर ह्यातला थेंब माझ्या अंगाला लागायचा नाय," सुंद्री म्हणाली. आणि भिंतीकडं तोंड करून ती झोपली.

त्या दिवशी धाकूच्या घरात कुणी जेवलं नाही, असं म्हणतात. धाकूनं पक्षी उचलला, बाजेखालची उंबरं गोळा करून पंच्यात बांधली आणि तो रायीकडं निघाला. उन्हं कलायच्या आत त्याला झाड सापडलं. रायीच्या खालच्या कडेला जुना बेहडा होता. चार माणसांच्या कवेत मावणार नाही असा, आणि ताडाच्या दीडपट उंच. त्याच्या बुंध्याशी बियांचा आणि शिटेचा ढीग पडला होता. वर, पहिल्या फांदीच्या जरा खाली, खोडात एक उभी फट दिसत होती. फटीतून पिवळ्या चोचीचं टोक बाहेर आलं होतं. ती वाट बघत होती.

धाकूची चाहूल लागली तशी चोच आत गेली.

धाकूनं बेहड्याच्या मुळाशी खड्डा करून नराला पुरलं. मग वर बघून तो म्हणाला, "माजी बाय, आता मीच हाय." त्याच्या तोंडून एका दमात एवढं मोठं वाक्य त्याआधी कुणी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं बेटातला सगळ्यात लांब चिवा तोडला. चिवा म्हणजे बारीक, भरीव बांबू. त्याच्या बगलेच्या फांद्या वीतभर ठेवून छाटल्या की पायऱ्या होतात. एक चिवा पुरला नाही, म्हणून दुसरा वर बांधला. अशी एकदांडी शिडी बेहड्याला टेकवून धाकू उंबरं घेऊन वर चढला आणि फटीशी हात नेला. आतून चोच आली ती अशी, की अंगठ्याचं नख अर्धं गेलं. उंबरं खाली पडली. धाकू उतरला, उंबरं वेचली, पुन्हा चढला. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला तिनं चोच बाहेर काढलीच नाही.

असे काही दिवस गेले. धाकू हात बांधून घेई आणि जाई. फटीच्या कडेवर फळं ठेवी. ती आतून ढकलून देई. तिचा आवाज बारीक होत चालला. धाकू घरी आला की सुंद्री नुसती मान वर करून बघे आणि तो नुसती मान हलवी.

एके दिवशी सुंद्री म्हणाली, "तुमी वर जाऊन काय करता?"

"हात पुढं करतो."

"न बोलता?"

"काय बोलू?"

"अवो, पावना आला तरी अंगणातनं हाक मारतो. तुमी मुक्यानं जाता आनि बाईमानसाच्या खोलीत हात घालता. चावंल नाय तर काय करंल? साद घाला. तो घालायचा तशी."

"मला येत नाय."

"मला येते," सुंद्री म्हणाली. "एवढं दिवस दुसरं ऐकलंय काय मी?" आणि बाजेवर कोपरावर उठून तिनं साद घातली. "क्याक. क्याक-क्याक. क्याक-क्याक-क्याक-क्यांव."

धाकूनं करून पाहिली. कोंबडीच्या गळ्यात हाड अडकावं तसा आवाज आला. सुंद्री हसली. धाकूनं पुन्हा केली. पाळण्यातली मुलगी दचकून रडायला लागली आणि सुंद्री जी हसत सुटली, ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. गोदूआते ओटीवरून धावत आली. बघते तर नवरा-बायको एकमेकांकडं बघून ककणेरासारखी ओरडताहेत. तिनं कपाळावर हात मारला, पण पदराआड तीही हसली, असं म्हणतात. त्या घरात माघापासून कुणी हसलं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी धाकू बेहड्याखाली उभा राहिला. साद घातली. वर चढला. फटीशी जाऊन पुन्हा हळूच घातली. बराच वेळ काही झालं नाही. मग पिवळं टोक बाहेर आलं, आणखी थोडं आलं, आणि तिनं धाकूच्या बोटांतलं उंबर अलगद उचललं. मान मागं टाकून गिळलं. चोच पुन्हा बाहेर आली.

धाकू खाली उतरला. तो धावतच घरी गेला आणि दारातूनच ओरडला, "घेतलं गो! घेतलं!"

त्या दिवसापासून धाकूचं हेच काम झालं. उजाडताच निघायचं. पऱ्याकाठची उंबरं, दरीतली पिंपरणीची फळं, वरच्या कड्यावरच्या चांदाड्याची फळं. जे जे ककणेर खातात ते सगळं टोपलीत भरायचं, बेहड्यावर चढायचं, साद घालायची, एक एक फळ द्यायचं. आणि संध्याकाळी पुन्हा. उरलेला वेळ सुंद्रीचं करायचं. तिला अंगणात उचलून न्यायचं, आतेबरोबर तेल जिरवायचं, पेज भरवायची. गावाला थट्टेला विषय मिळाला. "धाकूची एक बाळंतीन घरात, एक झाडात," लोक म्हणत. "एक बोलून दमवते, एक चावून." धाकू वाटेनं जाऊ लागला की पोरी मागून "क्याक-क्याक" करत. धाकू वळून तशीच साद देई आणि पुढं जाई. कुणी चिडवावं आणि त्यानं चिडावं, एवढी सवड त्याला नव्हती. खरं तर तो सुखात होता. का, ते त्याला सांगता आलं नसतं.

चैत्र निम्मा गेला आणि एके सकाळी फटीच्या आतून दुसरा आवाज आला. ओल्या दाराची बिजागरी कुरकुरावी तसा. मग तिसरा. धाकू चिव्यावर तसाच थांबला. त्यानं कान खोडाला लावला. घरी येऊन त्यानं सुंद्रीला काही सांगितलं नाही. पाळण्यापाशी गेला, मुलीच्या पोटावर बोट ठेवलं आणि दोन बोटं सुंद्रीला दाखवली.

"दोन?" सुंद्री म्हणाली. "मग आता नुसत्या फळांवर कसं भागंल? पिल्लांना अंग धरायला किडामुंगी लागते. टोळ धरा, सरडं बघा."

आणि वाडीचा नंबर एकचा नेमबाज गवतात रांगत टोळ पकडू लागला.

इकडं त्याची शेती पडून राहिली. कोकणात भाताचा तरवा, म्हणजे रोपं, जिथं टाकायचा ती जमीन आधी पालापाचोळा पसरून भाजावी लागते. त्याला राब भाजणं म्हणतात. वैशाख आला, सगळ्यांचे राब भाजून होत आले, धाकूचा तसाच. तेव्हा गावकर रावजी, म्हणजे गावचा म्होरक्या, चार जणांना म्हणाला, "हसायचं ते हसून झालं. पन त्याचा राब ऱ्हायला, तर पावसाळ्यात त्याच्या घरात काय शिजंल? चला, आपुन भाजून टाकू." चांगल्या मनानं ते गेले. पण आपापली कामं उरकून जायला त्यांना दुपार झाली. राब सकाळी, वारा निजलेला असताना पेटवायचा असतो. त्यांनी तो भर दुपारी पेटवला, जळून खाली बसला असं बघितलं आणि जेवायला गेले. मागं समुद्राकडचा वारा उठला. राखेतून एक ठिणगी उडाली, बांधावरच्या वाळल्या गवतात पडली आणि गवतातून विस्तव रायीकडं चालू लागला.

धाकू तेव्हा बेहड्यावर होता.

धूर आला तेव्हा त्यानं खाली पाहिलं. पाचोळा पेटला होता. अजून उतरायला वाट होती. चार उड्यांत तो पऱ्यावर पोचला असता. पण धूर खोडाला धरून वर चढत होता आणि फटीतून आत ओढला जात होता. आत पिल्लं खोकल्यासारखी करू लागली. ती तर दार फोडून आली तरी उडू शकली नसती.

धाकूच्या खांद्यावर कांबळं होतं आणि कमरेला पाण्याचा तुंबा. त्यानं तुंबा कांबळ्यावर ओतला, ओलं कांबळं फटीवर धरलं, छातीनं दाबलं आणि खोडाला मिठी मारली. पाठ धुराकडं. आत ती घाबरून फडफडत होती. तिला धीर यावा म्हणून तो साद घालू लागला. धूर तोंडात जाई, तो खोके, पुन्हा साद घाली.

घरी झरोक्याखाली सुंद्रीनं ती ऐकली. रोजची साद ती ओळखत होती. जेवण घेऊन आलो, अशी ती साद असे. ही तशी नव्हती. तिनं झरोक्यातून पाहिलं. रायीवर काळा धूर उभा होता.

"आते!" तिनं हाक मारली. आते पऱ्यावर गेली होती.

मग सुंद्री उठली. कशी उठली ते तिलाही पुढं सांगता आलं नाही. ती एवढंच म्हणे की पाय आपले आहेत की नाहीत, हे बघायला त्या वेळी सवड नव्हती. तिनं मुलीला छातीशी धरलं. भिंत धरून, खांब धरून, मग काही न धरता ती घरातून निघाली आणि गावकराच्या अंगणात जाऊन उभी राहिली. तिथं पुरुष पानावर बसले होते.

"राय पेटली!" ती ओरडली. "उठा! धाकू झाडावर हाय! माजा धाकू झाडावर हाय!"

त्या काळी बायको नवऱ्याचं नाव घेत नसे. सुंद्रीनं घेतलं, भर अंगणात, मोठ्यांच्या पुढ्यात, दोनदा. सगळे आ वासून बघत राहिले. सुंद्री चालत आली याचं नवल करावं, की तिनं नाव घेतलं याचं, हे त्यांना क्षणभर कळेना. मग रावजी गावकरानं भरलं पान बाजूला सारलं आणि सगळा गाव धावला.

पुरुषांनी ओल्या डहाळ्यांनी विस्तव झोडपला. बायकांनी पऱ्यापासून रायीपर्यंत रांग लावली आणि घागरी, कळश्या, हंडे, ताकाचे डेरेसुद्धा हातोहात पुढं गेले. तरी वारा पडेना. आणि तेव्हा, असं म्हणतात, दरीतले सगळे ककणेर एकदम उडाले. आभाळ काळं-पांढरं झालं. ते बेहड्यावर घिरट्या घालू लागले, पंखांचा असा आवाज झाला की सगळ्या मुलखाचं भात एकाच वेळी पाखडलं जातंय, आणि त्या पंखांनी वारा उलटा फिरवला. आग आली त्या वाटेनं मागं गेली आणि जळलेल्या जागी तिला खायला काही उरलं नाही. काही जण म्हणतात, वारा आपोआप पडला. पण त्यांनाही ककणेर दिसले होते.

धाकूला खाली उतरवायला दोघे वर गेले. त्याची पाठ भाजली होती आणि हात खोडावेगळे होत नव्हते. हात सुटल्यावर त्यानं आधी कांबळं बाजूला केलं. सगळे खालून बघत होते. फटीतून चोच आली. तिनं धाकूचं बोट धरलं. चावली नाही. नुसतं धरून ठेवलं.

खाली आल्यावर धाकूनं सुंद्रीला आपल्या पायांवर उभी पाहिली. तो बोलायला गेला तर घशातून आवाज निघेना. तो आवाज पुन्हा कधी पुरता आला नाही. त्यानंतर जन्मभर तो कुजबुजल्यासारखा बोलला. पण ककणेराची साद मात्र त्याच्या गळ्यातून पूर्वीपेक्षा मोठी आणि खणखणीत निघे, असं म्हणतात. त्याला त्याचं काही वाईट वाटलं नाही. तसंही त्याच्या वाटचं बोलायला सुंद्री होती, आणि ती पुन्हा बोलू लागली होती.

पऱ्याकाठचा उंबर होरपळला होता. पिंपरणींची फळं गळून गेली होती. धाकूला तर बाजेवरून उठता येत नव्हतं. रावजी गावकर त्याच्या ओटीवर येऊन बसला आणि पागोटं हातात फिरवत म्हणाला, "धाकू, राब आमी पेटवला. आता तिचं जेवन गावावर."

मग घरोघर पाळी लागली. ज्या तोंडांनी थट्टा केली होती, ती तोंडं सुंद्रीच्या अंगणात रांगेनं बसून साद शिकू लागली. कुणाची बकरीसारखी येई, कुणाची म्हशीसारखी. खुद्द गावकराची सर्वांत वाईट. माहेरी गेलेल्या बाया येताना ओच्यातून त्या त्या गावची उंबरं घेऊन येत. दूरच्या गावांत लोक विचारू लागले की बेहडेवाडीत अशी कोण बाळंतीण आहे, जिला सगळा मुलूख फळं धाडतोय.

मिरग जवळ आला तेव्हा एके सकाळी बेहड्याखाली लिंपणाच्या खपल्या पडू लागल्या. निरोप घरोघर गेला. धाकूला चौघांनी खांद्यावर आणलं. सुंद्री मुलीला कडेवर घेऊन चालत आली. वर ठक-ठक चालली होती. दार मोठं झालं, आणि ती बाहेर आली. चुरगळलेली, मळकी, नवी शेपूट वाकडी झालेली. फांदीवर बसून तिनं उन्हात डोळे मिटले. मग एक पिल्लू आलं, मग दुसरं, चोची अजून मऊ आणि नुसत्याच, वरची चोच न आलेल्या.

धाकूनं खालून साद घातली. तिनं डोकं तिरकं करून त्याच्याकडं पाहिलं, तीच साद परत दिली आणि पंख उघडले. जरा खाली घसरली, सावरली, आणि पाखडल्याचा आवाज करत रायीवरून दूर गेली. पिल्लं फांदीवरून हलेनात. ती परत आली, चोचीत एक फळ घेऊन. आता ते कामही तिचं झालं होतं.

"चला," सुंद्री म्हणाली. "आपला तरवा टाकायचा ऱ्हायलाय."

धाकूनं बंदूक पुन्हा हाती धरली नाही. गोदूआतेनं तिची नळी कापून फुंकणी केली आणि त्या फुंकणीनं कितीही ओलं लाकूड पेटे, असं म्हणतात. डुकरं आली तर धाकू बांधावर उभा राहून साद घाली आणि डुकरं निघून जात. तो जिथून जिथून फळांच्या टोपल्या नेत असे, तिथं सांडलेल्या बियांतून उंबर उठले, पिंपरणी उठल्या. दरीतून बेहड्यापर्यंत ती झाडांची ओळ आजही दिसते. तोवर धाकूचा धाकबा झाला होता, म्हणून तिला धाकबाची वाट म्हणतात. धाकू फार म्हातारा होऊन गेला. त्याची चिता पेटण्याआधी ककणेर आले, प्रत्येकानं गळ्यातून एक एक उंबर काढून त्याच्या छातीवर ठेवलं आणि मगच लोकांनी अग्नी दिला, असं म्हणतात.

तो बेहडाही पुढं कधीतरी वाऱ्यात पडला. पण बेहडेवाडीत अजून राब पहाटेच भाजतात, आणि आधी गावातलं एक माणूस रायीच्या कडेला जाऊन साद घालतं. ज्या अंगानं उत्तर येईल, त्या अंगाला काडी लावायची नाही. घरात बाळंतीण असली की तिचं पहिलं ताट तिच्या नवऱ्यानं न्यायचं, आणि दाराबाहेर उभं राहून आधी ककणेराची साद घालायची. आतून "या" आलं तरच उंबरा ओलांडायचा. आता मुंबईला कामाला असलेली पोरंही त्यासाठी रजा टाकून येतात. त्यांना लाज वाटते, साद धड जमत नाही, आणि आतल्या बाया मुद्दाम "या" म्हणायला उशीर लावतात.

आणि दरवर्षी माघाच्या अखेरीस, कुणीतरी रायीच्या कडेनं जाणारी बाई किंवा गुरं राखणारा म्हातारा रायीत एखाद्या झाडाची ढोल नुकती लिपलेली बघतो. तो देवळात येतो, घंटा वाजवतो आणि म्हणतो, "बसली." सगळे हात जोडतात. गावकर प्रत्येकाच्या हातावर गूळ ठेवतो. कुठल्या झाडात बसली, ते बघणारा सांगत नाही, आणि कुणी विचारतही नाही.